मिरचीच्या गोदामातला अर्धा सेकंद

"या, नवलभाऊ, या! पन मिरचीवर पाय देऊ नका," असे म्हणून शांतीलालभाईंनी नवल फोटोग्राफरचे आपल्या गोदामात स्वागत केले. ही सूचना पाळणे नवलला अशक्य होते, कारण मिरचीवाचून पाय ठेवण्यासारखी दुसरी जागाच तेथे शिल्लक नव्हती. फेब्रुवारी महिन्यात आभाळ भरून येण्याचे काहीएक कारण नसताना ते सकाळपासून भरून आले होते, आणि बाहेर मैदानात वाळत घातलेली सगळी लाल मिरची पावसाच्या भीतीने उचलून आत आणण्यात आली होती. वाऱ्यामुळे शटर अर्ध्यावर ओढलेले होते. उंच पत्र्याखाली एकच दिवा जळत होता. त्याच्या उजेडात हवेत तरंगणारी तांबूस धूळ दिसत होती, आणि दिसली नसती तरी ती आहे हे नाकाला समजलेच होते.

प्रसंग असा होता की, अनुसयाबाईंचा त्या गोदामातील तो शेवटचा दिवस होता. पस्तीस वर्षे त्या तेथे मिरचीचे देठ खुडत आल्या होत्या. दगडी खांबाजवळची त्यांची जागा ठरलेली होती, आणि तेथील फरशी त्यांच्या बैठकीने गुळगुळीत झाली होती. आता गुडघे ऐकेनात, म्हणून त्यांची मुलगी ममता त्यांना सुरतला आपल्या घरी नेण्यास आली होती. संध्याकाळी पाच वाजता नंदुरबार स्टेशनावरून गाडी होती. शांतीलालभाईंचे वडील वारले त्या साली दोन महिने हे गोदाम केवळ या बाईंच्या भरवशावर चालले होते. ते उपकार शांतीलालभाई विसरले नव्हते. म्हणून बाईंचा एक मोठा फोटो काढून तो वडिलांच्या फोटोशेजारी लावावा, असे त्यांनी ठरवले होते.

नवलवरचे उपकार याहूनही जुने होते आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी त्याने आयुष्यातील पहिले लग्न टिपले, ते अनुसयाबाई आणि भिकन यांचे. मोठ्या ऐटीने त्याने छत्तीस फोटो काढले. घरी येऊन पाहतो तो रोलचे टोक आतल्या दात्यांत अडकलेच नव्हते! छत्तीस वेळा कॅमेरा वाजला होता आणि रोल आपल्या डबीत स्वस्थ बसून होता. आठ दिवस तोंड लपवून नवव्या दिवशी नवल नव्या नवरीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि रडू लागला. अनुसयाबाईंनी त्याला आधी चहा दिला.

"रडू नका, भाऊ. आनी कोनलेच सांगू नका," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या होत्या. "पहिलंच काम शे तुमनं. लोकेसले समजनं ते तुमले आखो कोन बलाई?"

त्या दिवसापासून सासरी कोणी विचारले की फोटो माहेरी असत, आणि माहेरी कोणी विचारले की ते सासरी असत. भिकननेही मरेपर्यंत हीच साक्ष दिली. अशा रीतीने ते नसलेले छत्तीस फोटो चाळीस वर्षे दोन गावांच्या मध्ये फिरत राहिले, आणि नवलचा स्टुडिओ उभा राहिला. अनुसयाबाईंपाशी मात्र स्वतःचे एकच छायाचित्र होते. ते आधार कार्डावर होते, आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते.

म्हणून आजचा फोटो चांगला निघालाच पाहिजे, असे नवलने मनाशी ठरवले होते. बाई सुरतला गेल्यावर पुन्हा संधी येणार नव्हती. शिवाय दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरू लागला होता, आणि पुढच्या वर्षी हा हात कॅमेरा धरील की नाही याची त्याला खात्री नव्हती.

या थरथरीवर उपाय म्हणून त्याने सहा महिन्यांपूर्वी एक नवा कॅमेरा घेतला होता. त्यात हाताचा कंप सावरून धरणारी यंत्रणा होती. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन बाई चढउतारावरून चालते आणि हंडा मात्र जागचा हलत नाही, तसेच ते काम. नवलला त्या कॅमेऱ्याचा इतका अभिमान होता की, त्या दिवशी त्याने तिपाई बरोबर घेतलीच नाही.

"जवाईबापू, स्टँड घरीच ऱ्हाऊ द्या," तो निघताना म्हणाला होता. "हाऊ कॅमेरा सोताच आपला हात धरस."

जवाईबापू म्हणजे बरोबर आलेला हेमकांत, नवलचा जावई. तो स्टुडिओतील कॉम्प्युटरचे काम पाहत असे, आणि त्याचे मत निराळे होते.

"मामा, कॅमेरा तुमना हात धरी. पन समोरना मानसंले कोन धरी? आंधारामा आयएसओ वाढाडा, काम व्हई जाई."

"आयएसओ वाढाडं का फोटोमा बाजरी पडस. बाईना तोंडवर बाजरी पेराले चालनू का मी?"

दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. अंधारात कॅमेऱ्याला प्रकाश गोळा करण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात हात हलला तर चित्र पुसले जाते. नवलची यंत्रणा हात सावरत असे, म्हणून तो अर्धा अर्धा सेकंद कॅमेरा उघडा ठेवू शके. हेमकांतचा मार्ग असा की आयएसओ वाढवावा, म्हणजे थोडाही प्रकाश कॅमेऱ्याला पुष्कळ वाटतो, आणि पापणी लवण्याच्या आत फोटो निघतो. परंतु त्यावर बारीक दाणे उमटतात. सासऱ्याने जावयाला दुखवू नये आणि जावयाने सासऱ्याला शिकवू नये, असा त्यांच्या घरचा रिवाज असल्यामुळे हा वाद अत्यंत आदरपूर्वक, आणि गेले सहा महिने अखंड, चालला होता.

"अनुसयाबहीन, बाहेर उजेडमा चला ना," नवलने गोदामातील अंधार पाहून सुचवले.

"बाहेर मी कोनता दिन बठनू?" बाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नवी अंजिरी साडी नेसली होती. "मन्ही जागा खांबजोडे शे. बाहेर काढेल फोटो मन्हा वाटाव नही."

हे म्हणणे इतके योग्य होते की नवलने त्यापुढे मान तुकवली. त्याने प्रथम फ्लॅश लावून एक फोटो काढला. पडद्यावर पाहिले तो अनुसयाबाई दिसेनात. जिकडे तिकडे पांढरे गोल ठिपके पडले होते, कारण हवेतील धुळीच्या प्रत्येक कणाने तो प्रकाश आपल्याच अंगावर घेतला होता. बाईंच्या शेजारी गेली अनेक वर्षे बसणाऱ्या मोतीबाई उठून पडद्यात डोकावल्या.

"व माय! अनुसयावर लाह्या कोनी उधळ्यात वं?"

फ्लॅश रद्द झाला. इतक्यात शांतीलालभाई टोपी नीट करून पुढे आले.

"नवलभाऊ, मी बी बठस बाईना बाजूले. कसं? आठवन ऱ्हाई."

"हां, बठा शेठ!" मोतीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पस्तीस वरीस खांदाले खांदा लाईसन मी बठनू, आनी फोटोमा तुम्ही बठशात!"

"तू बी बठ ना, माय. कोन नही म्हनस?"

मोतीबाई बसल्या. त्या बसल्या म्हणून रखमा बसली, आणि ती बसली म्हणून उरलेल्या नऊजणी का बसणार नाहीत? एका बाईचा फोटो काढण्यास आलेल्या नवलपुढे पाच मिनिटांत तेरा माणसांची रांग तयार झाली. त्याला नाही म्हणवले नाही. ज्या बाईंनी चाळीस वर्षे आपली लाज राखली त्यांच्या शेजारणींना उठा म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्याला वाटले.

त्याने कॅमेरा उचलला. हात थरथरत होता, पण पडद्यातील चित्र शांत होते.

"यामा स्टॅबिलायझर शे," तो समाधानाने म्हणाला.

"मन्हा फ्रिजले बी शे," मोतीबाई म्हणाल्या. "तरी दूध नासस."

नवलने बटण दाबले. कॅमेरा अर्धा सेकंद उघडा राहिला, आणि नेमक्या त्या अर्ध्या सेकंदात मोतीबाईंना ठसका लागला. त्यांच्या ठसक्याने रखमाला शिंक आली. रखमाच्या शिंकेने मिरचीचा जो लोट उडाला त्याने उरलेल्या रांगेचे काम केले. फोटोत खांब अतिशय रेखीव आला होता. गोण्यांवरील अक्षरे वाचता येत होती. परंतु शांतीलालभाईंना दोन टोप्या होत्या, मोतीबाईंना तीन नाके होती, आणि अनुसयाबाई मोतीबाईंची पाठ चोळण्यास वाकल्यामुळे त्यांचा केवळ अंबाडाच दिसत होता.

"मामा," हेमकांत अत्यंत हळू आवाजात म्हणाला, "खांब चांगला उना."

नवलने हे ऐकून न ऐकल्यासारखे केले.

आता उपाय सुचवण्याची पाळी शांतीलालभाईंची होती. हवेत धूळ आहे, म्हणून ठसका लागतो. मग हवाच स्वच्छ केली तर? त्यांनी मिरचीतील कचरा उडवण्यासाठी ठेवलेला मोठा फर्राटा पंखा सुरू केला. पंख्याला अर्थात स्वच्छ हवा आणि मिरचीची हवा यांतील भेद समजत नव्हता. त्याने समोरच्या ढिगावरून जे वारे घातले, त्यासरशी सुट्या बिया, फोलपटे आणि धूळ यांचे एक लाल वादळ त्या तेरा जणांवर येऊन आदळले. पाठोपाठ फट्ट असा आवाज झाला. पंखा थांबला, आणि जो एक दिवा होता तोही गेला.

"ओ माय व! मरनू!" अंधारातून मोतीबाईंचा आवाज आला.

"पंखा कोनी लाया?" शांतीलालभाईंनी गरजून विचारले.

"तुम्हीच, शेठ!"

यानंतर शटरखालून येणारा आणि खांबावरच्या एका पारदर्शक पत्र्यातून गळणारा उजेड तेवढा उरला. सगळी मंडळी खोकत होती, शिंकत होती, डोळे पुसत होती. फक्त अनुसयाबाई पदराने शेजारणींना वारा घालीत बसल्या होत्या.

"मावशी, तुमले काहीच नही व्हत?" हेमकांतने नाक दाबून विचारले.

"तिले काय व्हई?" मोतीबाई खोकत खोकतच बोलल्या. "पस्तीस वरीसमा तिले शिंकतांना कोनी देखं नही. मिरचीनी तिना नाद सोडी दिधा!"

अनुसयाबाईंनी पदर सावरला. त्या गालात हसल्या.

नवलने मग आपल्या बुद्धीप्रमाणे एक योजना आखली. ठसका येणारच असेल तर तो ठरल्या वेळी आणावा, म्हणजे नंतर शांतता मिळेल.

"ऐका! मी एक म्हना का सगळा जन पोट भरीसन खोकी ल्या. दोन म्हना का थांबा. तीनले फोटो!"

योजना कागदावर निर्दोष होती. परंतु पोट भरून खोकण्यासाठी आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो, आणि त्या गोदामात छाती भरून घेण्यासारखी जी हवा होती ती वर सांगितलीच आहे. "एक" म्हणताच सगळे खोकले. "दोन" म्हणताच अधिक खोकले. "तीन"ला नवलला स्वतःला असा ठसका लागला की कॅमेऱ्यातील यंत्रणेनेही हात टेकले असावेत. त्या फोटोत खांबसुद्धा वाकडा होता.

"माय, दोन वाजनात वं," शटरपाशी उभ्या असलेल्या ममताने हाक दिली. "घर जाईसन गाठोडा बांधना शेतस. रिक्षावाला थांबाव नही."

नवलचा धीर सुटला. त्याने कॅमेरा जावयाच्या हाती दिला.

"ल्या, जवाईबापू. तुमनाच रस्ता खरा. वाढाडा आयएसओ."

सहा महिन्यांत प्रथमच हे वाक्य ऐकण्यास मिळाल्यामुळे हेमकांतचा हर्ष लपेना. त्याने आयएसओ जाईल तेथवर नेला, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि शांतीलालभाईंच्या एका प्रचंड शिंकेच्या क्षणी बटण दाबले. फोटो निघाला. त्यात काहीही हललेले नव्हते, आणि हीच त्यातील अडचण होती. बाराही चेहऱ्यांवरील शिंका जशाच्या तशा गोठल्या होत्या. रखमाची मान पाठीला टेकली होती. मोतीबाईंचे डोळे कपाळात गेले होते. शांतीलालभाईंचे तोंड पूर्ण उघडे होते, आणि तोंडापासून वीतभर अंतरावर, हवेत, त्यांची वरची कवळी होती. तिचे दातन्‌दात मोजता येत होते. सगळ्या चित्रावर बाजरीचे दाणे पडले होते ते निराळेच. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या अनुसयाबाईंनी ती उडती कवळी पाहून हसू लपवण्यासाठी पदर तोंडावर ओढला होता.

"दाखाडा, दाखाडा," असे म्हणत मोतीबाई आल्या, आणि पाहताच मिरचीच्या गोणीवर बसून पोट धरून हसू लागल्या.

"पुशी टाका तो फोटो!" शांतीलालभाई ओरडले. कवळीवाचून त्यांचे बोल निसटत होते. "आनी मन्हा दात कुठे शेतस?"

दात मिरचीच्या ढिगात होते. ढीग माणसाच्या उंचीचा होता. बारा बायकांनी देठ खुडण्याच्या सराईत बोटांनी शोध सुरू केला. "शेठ, आजपावत देठ खुड्यात, आज दात बी खुडसूत," असे मोतीबाई म्हणत होत्या, आणि प्रत्येक हसण्यासरशी धूळ पुन्हा उडत होती. शेवटी अनुसयाबाईंच्याच हाताला कवळी लागली. त्यांनी ती पदराने पुसून शेठला दिली.

"धुईसन घाला, शेठ," त्या म्हणाल्या.

"माय!" ममताने पुन्हा हाक दिली. "आते मी चालनू!"

"एकच, ममता. एकच आखो," नवल म्हणाला, आणि त्याचा आवाज असा झाला होता की ममताही थांबली. त्याने कॅमेरा परत घेतला. आयएसओ त्याने खाली आणला. हेमकांतने तोंड उघडले, पण सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून मिटले.

"बाजरी नको," नवल हळूच म्हणाला. "तिना तोंडवर नको."

मंडळी पुन्हा बसली. नवलचा हात आता इतका कापत होता की कॅमेऱ्याचा पट्टा हलत होता. अनुसयाबाईंनी त्या हाताकडे पाहिले. मग त्या ताठ बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि म्हणाल्या, "काढा, नवलभाऊ."

त्याने बटण दाबले. त्याच क्षणी, फोटोत आपण बोळके दिसू नये या घाईने, शांतीलालभाईंनी कवळी न धुताच तोंडात घातली होती.

त्यानंतर काय झाले हे सांगणे अवघड आहे, कारण सगळे एकदम झाले. शांतीलालभाईंनी किंकाळी फोडली आणि बसल्या जागेवरून उडी घेतली. मोतीबाई हसून रखमावर कोसळल्या. रखमा शिंकली. रांगेच्या रांग उठली, वाकली, खोकली आणि पाण्याच्या माठाकडे धावली. हेमकांत शेठसाठी गूळ शोधू लागला. नवलने मिरचीने भरलेल्या डोळ्यांनी पडद्याकडे पाहिले. त्याला त्या इवल्या पडद्यावर लाल धुराचा एक लोळ तेवढा दिसला. त्याने कॅमेरा बंद केला. इतक्यात रिक्षाचा भोंगा वाजला आणि ममता आईला धरून घेऊन गेली.

परतताना मोटारसायकलवर नवल बंद कॅमेरा मांडीवर धरून बसला होता. सासऱ्याचे कसे सांत्वन करावे याची जावयाला रीत ठाऊक नसल्यामुळे हेमकांतने गाडी फार हळू चालवली. चाळीस वर्षांपूर्वी निदान रोलचा दोष होता, असे नवलच्या मनात येत होते. आज कॅमेऱ्यात सगळे काही नीट बसवलेले होते, आणि तरीही बाई फोटोवाचूनच चालल्या.

स्टुडिओत येऊन हेमकांतने सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले. नवल बाहेर बाकावर बसून डोळ्यांवर पाणी मारीत होता.

"मामा," आतून आवाज आला. "मामा, आधी आठे या."

मोठ्या पडद्यावर तो शेवटचा फोटो होता. त्यात माणसे नव्हतीच म्हटले तरी चालेल. अर्ध्या सेकंदात बारा जणांनी इतकी धावपळ केली होती की त्यांचा निव्वळ रंगीत धूर झाला होता. तांबडे, पिवळे, हिरवे लुगड्यांचे पट्टे हवेत वाहत होते. शांतीलालभाईंना चार हात फुटले होते. आणि त्या सगळ्या वाहत्या धुराच्या मधोमध, दगडी खांबाला टेकून, अनुसयाबाई बसल्या होत्या. त्यांचा एक केसही हललेला नव्हता. कपाळावरच्या रेघा, नाकातील चमकी, मिरचीने कायमची लालसर झालेली बोटे, सगळे स्वच्छ दिसत होते. पत्र्यातून गळणारा उजेड नेमका त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. आणि डोळे उघडे होते.

नवलने ओले हात सदऱ्याला पुसले आणि तो पडद्याजवळ वाकला.

"मी आयएसओ वाढाडी देतू ते हाऊ फोटो बिघडी जाता, मामा," शेवटी हेमकांत म्हणाला. "सगळाच जन साफ येतात. मंग मावशी गर्दीमा हारपी जाती."

"नही हो, जवाईबापू," नवल डोळे पुसत म्हणाला. ते अजूनही मिरचीमुळेच वाहत होते, असे आपण धरून चालू. "तुमनं बी बराबर व्हतं. कॅमेरानी मन्हा हात धरा. मानसंले कोनी धरं नही."

शेठची प्रत उद्यावर ठेवली; चार वाजून चाळीस मिनिटांनी बाईंसाठी मोठा फोटो छापून तयार झाला. तो ओला असतानाच दोघे स्टेशनाकडे निघाले. गाडी वीस मिनिटे उशिरा होती. रेल्वेच्या उशिराबद्दल नवलने त्या दिवशी जितके मनःपूर्वक आभार मानले, तितके त्या फलाटावर क्वचितच कोणी मानले असतील.

अनुसयाबाई गाठोड्यावर बसल्या होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला.

"हाई मी शे?" त्यांनी विचारले.

"तूच शे ना, माय!" ममता खांद्यावरून पाहत म्हणाली. "पन सगळा धुवा धुवा व्हई गयात. तू एकलीच कशी साफ उनी?"

"मावशीले मिरचीनी सवय शे," हेमकांतने जाणकारपणे सांगितले. "पस्तीस वरीस झायात."

"सवय कसानी, पोरा?" अनुसयाबाई हसल्या. "मिरचीनी सवय कोनले व्हस का? मन्हा नाकमा ते आग पडेल व्हती."

"पन तुमले शिंकतांना कोनी देखं नही म्हनतस!"

"पदरमा शिंकस मी. मन्ही शिंक आयकीसन दुसरीसले येस, मंग काम थांबस." त्यांनी फोटोवरून हळूच बोट फिरवले. "नवलभाऊना हात लई कापी ऱ्हायंता. मी देखा. मनमा म्हनं, काढनारा हाली ऱ्हायना, बठनारा बी हाली ऱ्हायनात. एक तरी मानूस जागवर ऱ्हावाले पाहिजे. मंग श्वास धरी ठेवा. कॅमेरा वाजना, आनी पदरमा तीन शिंका दिध्यात. तुम्ही सगळा शेठना दात देखी ऱ्हायंतात."

आज आपण एका जुन्या उपकाराची थोडीफार फेड केली, अशा समजुतीने नवल फलाटावर आला होता. फेड दूरच राहिली, आणखी एक उपकार डोक्यावर घेऊन तो उभा होता. आश्चर्य असे की त्या ओझ्याने त्याला अगदी हलके वाटत होते.

गाडी आली. ममताने गाठोडी चढवली, आईला खिडकीजवळ बसवले, आणि मग काहीतरी आठवून ती खिडकीतून म्हणाली, "नवलकाका, मायना लगीनना फोटो बी असाच मोठा करी द्या ना. मामाना गावले पडेल शेतस म्हने. माले आजपावत कोनी दाखाडात नही."

नवलचा हात खिडकीच्या गजावर होता. चाळीस वर्षे जे सांगितले नाही ते आता सांगून टाकावे, असे ठरवून त्याने तोंड उघडले.

"ऱ्हाऊ दे वं, ममता," अनुसयाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या फोटो जठे शेतस तठेच चांगला शेतस. तू आधी पानीनी बाटली देख, कुठे ठेवी."

ममता बाटली शोधण्यास वळली. गाडीने हलका झटका दिला. अनुसयाबाई खिडकीच्या गजापाशी वाकल्या, आणि नवलखेरीज दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारले,

"ह्या खेपले रोल बराबर अडकाडेल व्हता ना, भाऊ?"

गाडी पुढे सरकली. नवल हसू लागला, आणि हसता हसता त्याने उजवा हात उंच करून निरोप दिला. खिडकी दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलवीत राहिला, आणि सगळ्या फलाटावर एकालाही, अगदी शेजारी उभ्या असलेल्या जावयालासुद्धा, तो हात थरथरतो आहे असे वाटले नाही.